आतलं पाणी

१२ जानेवारी

“तुमचं काम जमलं, हे आम्हाला कळणार कसं?”

मुलाखतीत सचिवांनी हे विचारलं तेव्हा मी निकष, मोजमाप, टप्पे असे शब्द एकामागून एक पुढे केले. त्यांनी मान हलवली आणि नोकरी दिली. पण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला उत्तर माहीत नव्हतं, अजूनही नाही. तीन दिवस तलावात बोटींची झुंबड, काठावर माणसांची. ती सगळी उठून गेल्यावर पाण्याकडे बघून कोणी कसं ओळखायचं, की यंदा या पाण्याची कोणीतरी काळजी घेतली होती?

असो. आजपासून मी नौका महोत्सवाची पर्यावरण समन्वयक. समितीच्या कचेरीत मला जिन्याखालचं टेबल मिळालंय. वरून कोणी उतरलं की शेजारच्या कपाटाच्या काचा वाजतात आणि माझी पेन्सिल घरंगळते.

आईने बातमी ऐकून शिलाई मशीन थांबवलं नाही, फक्त वेग कमी केला. ती बोटींच्या ताडपत्र्या आणि शिडं शिवते. “म्हणजे कचरा उचलायचा ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, कचरा होऊच द्यायचा नाही. “मग तुला पगार कशाचा?”

बाबा हसले. त्यांची प्रवासी बोट आहे, डिझेलवर चालणारी, धक्क्यापासून पलीकडच्या काठापर्यंत. बोट कागदोपत्री माझ्या नावावर आहे. मी पदवीधर झाले, घरातली पहिली, तेव्हा बाबांनी ती माझ्या नावावर केली. शिकलेल्या मालकाचे कागद लवकर हलतात, असं त्यांचं म्हणणं. धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करणारे ग्रीसकाका तेव्हापासून मला मालकीणबाई म्हणतात.

२० जानेवारी

अख्खा दिवस कपांवर गेला. कागदी कप मी आदल्या दिवशी पाण्यात भिजत घातला होता. आज सभेत त्याचा लगदा बाजूला करून आतला प्लास्टिकचा पापुद्रा सगळ्यांसमोर सोलून दाखवला.

“म्हणजे कागदी कपही प्लास्टिकचाच?” सचिव म्हणाले. “मग माणसाने चहा काय ओंजळीत प्यायचा?”

सचिवांना मी मनातल्या मनात भोंगा म्हणायला लागलेय. समोर बसलेल्या माणसाशीही ते धक्क्यावरून हाक मारल्यासारखे बोलतात. माणूस वाईट नाही. शेवटी धातूचे पेले ठेवायचं ठरलं, धुवायला दोन बायका. माझा पहिला विजय. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, “आम्ही आयुष्यभर पेलेच धुतले. कोणी सभा नाही घेतली.”

३ फेब्रुवारी

आराखड्याचा गाभा सापडला. महोत्सवाचा सगळ्यात मोठा दोष कप नाहीत, इंजिनं आहेत. शर्यती, मिरवणूक, पाहुण्यांची फेरी, सगळं डिझेलवर. तीन दिवस पाण्यावर तेलाचा तवंग असतो. इंजिनं बंद. फक्त वल्ही आणि शिडं.

अडचण एकच. मोठ्या पाण्यावर दुपारनंतर वारा सुटतो, वल्ह्यांच्या बोटी लाटांत भरकटतात. म्हणून वल्ह्यांचा मार्ग आतल्या पाण्यात न्यायचा. आतलं पाणी म्हणजे तलावाचा वळून आत गेलेला कोपरा. तोंड अरुंद, पाणी उथळ, वारा नाही, दोन्ही बाजूंनी लव्हाळ्यांची दाट रानं. इंजिनवाले तिकडे फिरकत नाहीत. मी लिहिलं, “महोत्सवाच्या निमित्ताने लोकांना तलावाचा सर्वांत निसर्गरम्य भाग प्रथमच जवळून पाहता येईल.” वाक्य लिहून मलाच भरून आलं.

लहानपणी बाबा मला बोटीतून न्यायचे तेव्हा आतल्या पाण्याच्या तोंडाशी आले की इंजिन बंद करायचे. बोट आपल्या वेगाने थोडी पुढे सरकायची आणि मग टिबुकल्या ऐकू यायच्या. मुठीएवढा पक्षी, हसल्यासारखा आवाज, बघता बघता बुडी मारणार आणि भलतीकडेच वर येणार. मला ते दिसावेत म्हणून बाबा डिझेलचा तो धडधडाट थांबवायचे. निसर्गावर प्रेम करायला मी कॉलेजात शिकले नाही, बाबांच्या बोटीत शिकले. आराखडा खरं तर त्यांना अर्पण करायला हवा.

१० फेब्रुवारी

आराखडा मंजूर. सचिव मला वरच्या खोलीत घेऊन गेले, सगळ्यांना म्हणाले, “ही पोरगी आपल्याला बक्षीस मिळवून देणार.” मग मला म्हणाले, “मार्ग मोकळा करायचं आम्ही बघतो. तुम्ही तुमचे पेले, पताका, खताचे खड्डे बघा.” मला बरंच वाटलं. सगळं एकटीने कुठे पुरणार?

येताना धक्क्यावर ग्रीसकाका इंजिनात डोकं घालून बसले होते. न बघताच बोलले, “या मालकीणबाई. स्वतःच्याच बोटीवर बंदी घालणारी मालकीण मी तरी पहिल्यांदा बघतोय.”

मी त्यांना तवंगाबद्दल समजावलं. त्यांनी हात पुसले. “बरोबर आहे तुझं. पण तुझा बाप त्या तीन दिवसांच्या जोरावर वर्ष ढकलतो, एवढं लक्षात ठेव.”

बाबांना मी विचारलं, तुम्हाला राग आला का? ते म्हणाले, “समिती दुसरं काम देणार म्हणतेय आम्हाला. बघू.” आणि जेवत राहिले. त्यांनी ते फार समजूतदारपणे घेतलं. मला वाटलं होतं भांडण होईल.

२६ फेब्रुवारी

बाबांना काम मिळालं. इंजिनवाल्या सगळ्यांनाच मिळालं. मार्ग मोकळा करायचं. म्हणजे माझ्या आराखड्याने कोणाची रोजीरोटी गेली नाही, हे मी सचिवांना मुद्दाम बोलून दाखवलं.

बाबांच्या हातांवर बारीक बारीक चिरा पडल्यात, कागदाने कापावं तशा. मी मलम लावलं. कशाने झालं विचारलं तर म्हणाले, “पाण्यातलं काम.” आई भांडी आवरत होती. ती म्हणाली, “अहो, सांगा की तिला.” बाबा म्हणाले, “काय सांगायचंय? तिच्याच आराखड्याचं काम आहे.”

मला त्यांचा अभिमान वाटला. बोटीचं सुकाणू सोडून हातात हातमोजेसुद्धा न घालता घाण काढतायत. उद्या समितीकडे हातमोजे मागायचे.

५ मार्च

हातमोजे आले. खतखड्ड्याच्या माणसाने निरोप पाठवलाय, महोत्सव सुरू व्हायच्या आतच एक खड्डा भरला, दुसरा भरत आलाय, सगळा हिरवा माल. म्हणजे लोकांनी घरचा ओला कचरा आतापासूनच वेगळा आणून टाकायला सुरुवात केली. मी पत्रकं वाटली त्याचा परिणाम. इतक्या लवकर अपेक्षा नव्हती.

रात्री जेवताना बाबा सांगत होते, पाण्यात तरंगता कचराही खूप निघतो, कुजक्या गवताच्या थाळ्याच्या थाळ्या, लव्हाळ्याला अडकून बसलेल्या. वर्षानुवर्षं कोणी काढल्या नव्हत्या. मी तेही सेंद्रिय कचऱ्यात धरायला सांगितलं.

१२ मार्च

आई जुन्या शिडांच्या कापडातून पताका शिवतेय. प्लास्टिकच्या पताकांवर मी बंदी आणली तेव्हापासून घरात चालायला जागा नाही, पलंगाखालीसुद्धा पताका. आज दोरा ओवता ओवता तिने विचारलं, “तू आत जाऊन बघून आलीस का एकदा?”

“वेळ कुठे आहे, आई?”

“कपाला वेळ होता.”

तिचा स्वभावच तिरकस. मी चिडून उठले. मग परत बसले आणि पताकांना दोरी लावून दिली.

२० मार्च

महोत्सवाचा पहिला दिवस. जमेल तसं लिहिते.

सकाळी उद्घाटन. तवंग नाही, कानठळ्या नाहीत. धातूचे पेले, कापडी पताका, एकही प्लास्टिकची पिशवी नाही. सचिवांनी भोंग्यावरून माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या वल्ह्यांच्या बोटीत मला पाहुण्यांबरोबर बसवलं.

आतल्या पाण्याच्या तोंडाशी आलो आणि मला वाटलं, बोट चुकून भलतीकडे आली.

लव्हाळी नव्हती. कडेला थोडी, दाढी करताना राहून गेलेल्या केसांसारखी. मधे सगळं उघडं, आरपार. पलीकडचा रस्ता दिसत होता, रस्त्यावरच्या गाड्या दिसत होत्या. वीस वर्षांत मी तिथून कधी गाडी पाहिली नव्हती. पाण्याखाली कापलेले बुंधे एकसारखे उभे होते. पाहुणे म्हणाले, “वा, किती प्रशस्त.” वल्हं मारणारा म्हणाला, “आधी इथे वल्हं फिरवायलाच जागा नव्हती. गवतात अडकायचं. छान साफ केलंय.”

मी हसले, फोटो काढत होते म्हणून. पूर्ण फेरीत एकही टिबुकली ओरडली नाही.

आता कळलं, खड्डे कशाने भरले. आणि त्या थाळ्या. टिबुकली घरटं पाण्यावर बांधते, कुजक्या गवताची थाळी, लव्हाळ्याला अडकवलेली. मी परीक्षेत लिहिलं होतं ते उत्तर. पूर्ण गुण होते.

२१ मार्च

पेले कमी पडले नाहीत.

२३ मार्च

महोत्सव संपला. आज बाबांशी बोलले. ते धक्क्यावर बोटीत बसून बाकं पुसत होते. प्रवासी नव्हतेच, तरी पुसत होते.

मी विचारलं, “तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“काय?”

“लव्हाळी कापताय ते.”

ते खरोखरच गोंधळले. “वल्ह्यांच्या बोटी आत न्यायच्या म्हणजे गवत काढावं लागणारच. तूच तर आत न्यायला सांगितलंस. न कापता कशा जाणार होत्या, उडत?”

“पण तिथे पक्षी होते. तुम्हीच दाखवलेत मला. तुम्ही इंजिन बंद करायचात.”

“बोटीखालच्या पंख्यात गवत गुंडाळलं जातं म्हणून,” बाबा म्हणाले. “एकदा अडकलं की पाण्यात उतरून सुरीने सोडवावं लागतं. त्या गवताने माझा जीव खाल्लाय आयुष्यभर. तुला पक्षी दिसायचे, ते बरंच झालं.”

त्यांचा आवाज उलट मऊच होता. मलाच रडू आवरेना. बाबांनी हातातलं फडकं पुढे केलं. त्याला डिझेलचा वास होता.

म्हणजे इतकी वर्षं आतलं पाणी ज्याने राखलं तो हा पंखा. अडकेल या भीतीने कोणी आत गेलं नाही. मी ती भीती काढून टाकली, आणि वर पताका लावल्या.

३० मार्च

सचिवांकडे गेले. पुढच्या वर्षी मार्ग परत मोठ्या पाण्यावर न्या, हवं तर इंजिनं परत आणा, असं त्यांना म्हटलं. हे वाक्य चक्क मी म्हणाले.

ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. “अहो, ‘इंजिनमुक्त महोत्सव’ म्हणून आपण सगळीकडे छापलंय. आता इंजिनं आणायची? आणि गवत आहे ते. परत येईल.”

मी त्या शेवटच्या दोन शब्दांना धरून घरी आले. मुळं शाबूत आहेत. कापणी पाण्याखाली हातभरच झालीय. एक-दोन ऋतू कोणी शिरलं नाही तर येईल.

८ एप्रिल

पर्यावरणपूरक महोत्सवांना बक्षीस देणाऱ्या संस्थेच्या परीक्षक बाई आल्या. शांत, नीटनेटक्या, पायात चालायचे बूट. मी त्यांना पेले दाखवायच्या आधी आतल्या पाण्यावर घेऊन गेले. कडेच्या चिखलात उभं राहून सगळं सांगितलं, आराखडा माझा होता हेसुद्धा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “आमच्याकडे इंधन, कचरा, पाणीवापर एवढेच रकाने आहेत. यासाठी रकानाच नाही हो.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मला वाईट वाटतंय.” वाटत होतं बहुतेक.

सेंद्रिय कचऱ्याच्या रकान्यात आम्हाला सर्वाधिक गुण मिळाले.

१९ एप्रिल

बक्षीस मिळालं. ढाल कचेरीत माझ्या टेबलाच्या वर, जिन्याच्या भिंतीला ठोकलीय. कोणी उतरलं की आता तीही वाजते.

त्याच सभेत पुढच्या वर्षीचं ठरलं. मार्ग कायमचा करायचा. गवत परत येतं, म्हणूनच मुळासकट उपसायचं. काठ दलदलीचा, तिथून यंत्र येणार नाही, म्हणून ते तराफ्यावरून तोंडातून आत नेणार, पाणी आटायला लागायच्या आधी, म्हणजे पुढच्या महिन्यात. मी विरोध नोंदवला. सचिव म्हणाले, “नोंदवा.” मला नोकरीत कायम करण्याचा ठरावही याच सभेत झाला. आई-बाबांना सांगितलं नाही.

घरी वेगळीच बातमी. संपूर्ण धक्का इंजिनमुक्त होणार, म्हणून बाबांनी बोटीला गिऱ्हाईक बघितलंय. एका हॉटेलला ती हिरवळीवर ठेवायचीय, आत टेबलं मांडून. ग्रीसकाका म्हणाले, “चांगलंय की. बापाला गणवेश घालून दारात उभं करतील, ‘या साहेब, बसा’ म्हणायला.” कोणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

२४ एप्रिल

आज आतल्या पाण्याच्या तोंडाशी बराच वेळ बसले. ते किती अरुंद आहे हे नीट पाहिलं. आपली बोट आडवी घातली तर दोन्ही बाजूंना माणूसभर जागा उरेल. तराफा जाणार नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हटलं, कागदावर बोट माझी आहे, पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

ते उठून बाहेर गेले. आई म्हणाली, “मुली, तुला कळतंय ना तू काय मागितलंस?” मी हो म्हटलं. मला वाटतं, कळतंय.

२९ एप्रिल

बाबा अजून बोलत नाहीत. जेवतात, ताट ठेवतात, जातात. मी विषय काढायचा नाही असं ठरवलं आणि संध्याकाळी त्यांना घरी बोलवायला धक्क्यावर गेले. बोटीतून ठोकाठोक ऐकू येत होती. बाबा आणि ग्रीसकाका इंजिनाचे बोल्ट सोडवत होते.

“गवतासाठी बोट,” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “लोक वेड्यात काढतील.”

“काढू देत,” ग्रीसकाका म्हणाले. “हॉटेलात उभं राहण्यापेक्षा बरं. तो पाना दे इकडे.”

२ मे

बोट बुडवली.

सकाळी ग्रीसकाकांच्या बोटीने ओढून नेली. इंजिन कालच उतरवलं होतं, टाकी काढली होती, तळ मी आणि आईने भुसा टाकून, फडक्यांनी पुसून काढला होता, तेलाचा थेंब पाण्यात जायला नको म्हणून. आई पुसताना म्हणाली, “बुडवायची तर बुडवायची, वर अंघोळ घालून.” छताची ताडपत्री तिने आधीच सोडवून घडी करून घेतली. तिनेच शिवलेली होती.

तोंडाशी आलो तेव्हा ग्रीसकाकांनी आपलं इंजिन थांबवलं आणि आमची बोट आपल्या वेगाने थोडी पुढे सरकली. बाबांचा हात सवयीने मागे गेला, इंजिन बंद करायला. मागे काही नव्हतं. हात तिथेच राहिला.

आडवी लावली, दगड भरले. बाबा म्हणाले, “बूच तू काढ. मालकीण तू.” मी काढलं. पाणी आत यायला फार वेळ लागला. आम्ही काठावरच्या चिखलात उभे होतो. उथळ असल्यामुळे ती पूर्ण बुडलीच नाही, बोटीचा काठ वीतभर वर राहिला, त्यावर बाबांनी दरवर्षी मारलेल्या निळ्या रंगाचे थर दिसत होते.

तिथून मी चिखलाच्या पायांनीच कचेरीत गेले. सचिवांना सांगितलं, बोट माझ्या नावावर आहे, मी बुडवली, वडिलांना यात घेऊ नका. ते ओरडले नाहीत. खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, “आता पाणी उतरत चाललंय, पण पावसात चढलं की आम्ही ती ओढून काढू. हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“हो.”

“मग यातून साधलं काय?”

तोच प्रश्न. जानेवारीत माझ्याकडे निदान शब्द होते. मी म्हटलं, पाणी चढेपर्यंत कोणी आत जाणार नाही. मग राजीनामा आणि जिन्याखालच्या टेबलाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली.

परतताना पुन्हा तोंडाशी गेले. बाबा अजून तिथेच बसले होते. मीही बसले. टिबुकली ओरडली नाही. ओरडेल असं मला वाटतही नाही. अंधार पडायला लागला तेव्हा बाबा म्हणाले, “चल,” आणि आम्ही काठाकाठाने पायी घरी आलो.